प्रपत्र ‘ग’ आणि आखाजीचा डाव

एकाच माणसाने एकाच वर्षी समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र हे दोन विषय जोडीने शिकू नयेत, असा निर्बंध विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत कोठेही नव्हता. हेमकांतराव पाटलांनी ती पुस्तिका परिशिष्टांसह दोनदा वाचली होती. आणि ज्याला निर्बंध नाही त्याला परवानगी आहे, हे तत्त्व जिल्हा परिषदेत एकतीस वर्षे लिपिकी केलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना त्यांनी संयुक्त एम.ए.च्या अर्जावर सही केली, अर्जाच्या दोन छायाप्रती काढल्या आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडली नाही. या शेवटच्या सवयीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढचा सारा अनर्थ तिच्यातूनच उद्भवला.

वर्ग नंदुरबारातल्याच अभ्यासकेंद्रात भरत. शनिवारी फाल्गुनी मॅडम समाजशास्त्र शिकवीत. रविवारी निवृत्त सरकारी वकील उदेसिंग सर गुन्हेगारीशास्त्र. हेमकांतरावांनी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढली होती. डावी बाजू शनिवारची, उजवी रविवारची. दोन महिन्यांत त्यांच्या ध्यानात आले की दोन्ही बाजूंना माणसे तीच आहेत. भावाच्या शेताचा बांध कोरणारा इसम शनिवारी ‘नातेसंबंधांतील ताण’ या मथळ्याखाली सहानुभूतीने उभा राही आणि रविवारी ‘अनधिकृत प्रवेश’ या मथळ्याखाली मान खाली घालून. लग्नात रुसून बसलेला नवरदेवाचा मामा डावीकडे ‘मानाचा सामाजिक विनिमय’ होता, उजवीकडे ‘धाकाने लाभ उकळणे’. हेमकांतराव या विसंगतीवर वर्गात दोन्ही दिवस वाद घालीत. शनिवारी ते कायद्याची बाजू घेत, रविवारी समाजाची. त्यामुळे दोन्ही शिक्षकांना हा विद्यार्थी आपल्या विषयात कच्चा असल्याची खात्री पटली होती.

“शनिवारी माणसांना माफ करता, रविवारी त्यांनाच अटक करता,” त्यांची पत्नी रूपालीताई म्हणाल्या. “सोमवारी दळण कोण आणणार, तेवढं दोघांना विचारून या.”

अखेरच्या सत्रात क्षेत्रकार्य आले. प्रकल्प एकच, मात्र दोन्ही मार्गदर्शकांची संमती हवी. फाल्गुनी मॅडम म्हणाल्या, “आपल्या मातीतला विषय घ्या, पाटील सर. पुस्तकातला नको.” हेमकांतरावांनी रातोरात नव्हे, रीतसर चार दिवस विचार करून विषय मांडला: ‘आखाजीचे पत्ते: सणकालीन जुगार आणि भाऊबंदकीचे ऐक्य’.

विषय अस्सल होता, यात शंका नाही. पंचांगात ज्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात, त्याला खानदेशात आखाजी म्हणतात आणि पंचांगापेक्षा कितीतरी मनापासून पाळतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, आणि पुरुषमंडळी पत्त्याला बसतात. एरवी वर्षभर चहाच्या टपरीवर पत्ते दिसले तर रागावणारी घरेसुद्धा त्या तीन दिवसांत सतरंजी काढून देतात. हेमकांतरावांचे गाव खापरपिंप्री, कोरीटच्या पुढचे. तेथे मारुतीच्या पारामागे निंबाखाली तीन रिंगणे पडत. ज्यांची वर्षभर बोलचाल बंद, तेही मांडीला मांडी लावून तीन पत्ती खेळत.

या रिंगणात हेमकांतरावांना मात्र गेल्या तीस वर्षांत कोणी पान वाटलेले नव्हते. पंचविसाव्या वर्षी ते एकदा बसले होते. पहिल्याच डावात त्यांनी खेळाचे नियम लेखी नसल्याकडे सभेचे लक्ष वेधले, दुसऱ्या डावात एका वादावर निवाड्याची कार्यपद्धती सुचवली, आणि तिसरा डाव वाटताना पाने त्यांना गाळून पुढे गेली. तेव्हापासून ते रिंगणामागे उभे राहून पाहत. निरीक्षण म्हणून ते उत्तम होते. मनात काय होते, ते वहीच्या कोणत्याच बाजूला लिहिलेले नव्हते.

उदेसिंग सरांनी विषय ऐकून चष्मा काढला. “जुगारबंदीच्या कायद्याखाली हा गुन्हा आहे, पाटील. प्रपत्र ‘ग’ जोडा. संबंधित यंत्रणेचं ना-हरकत प्रमाणपत्र.”

वर्गातल्या बाकी एकोणीस जणांपैकी सतरा जणांनी प्रपत्र ‘ग’ आपापल्या सरपंचाकडून सही करून आणले, दोघांनी कोरेच जोडले, आणि विद्यापीठाने सर्व स्वीकारले. पण ‘संबंधित यंत्रणा’ या शब्दांचा अर्थ हेमकांतरावांच्या लेखी एकच होता. जुगाराशी संबंधित यंत्रणा म्हणजे पोलीस.

शेजारचे कापडवाले गौतमचंद शेठ यांनी ओट्यावर बसूनच हा मसुदा ऐकला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

“हेमकांतभाऊ, एक सांगू? विषय बदला. लग्नातली भांडणं घ्या. माल भरपूर, आणि कुणाची परवानगी लागत नाही.”

“शेठ, संशोधनात सोयीचा विषय नसतो.”

“मग असं करा, गावाचं नाव घालू नका. माणसांची नावं तर बिलकुल नको.”

“नावाशिवायचा अर्ज म्हणजे निनावी अर्ज. निनावी अर्जावर कार्यवाही होत नाही, असं शासनाचं परिपत्रक आहे.”

“कार्यवाही व्हायला नकोच आहे ना आपल्याला!” गौतमचंद कळवळून म्हणाले. परंतु तोवर हेमकांतराव परिशिष्टांवर अनुक्रमांक घालू लागले होते.

अर्ज नमुनेदार झाला होता. परिशिष्ट एक, ठिकाण व नकाशा. परिशिष्ट दोन, दिनांक व वेळ. परिशिष्ट तीन, नियमित खेळाडूंची यादी: तेवीस नावे, वय, परस्परांशी नाते आणि खेळातील अनुभव वर्षांत. खाली नम्र विनंती, की सदर इसम जुगार खेळत असताना त्यांचे शास्त्रीय निरीक्षण करण्यास आपली हरकत नसावी.

तालुक्याच्या ठाण्यात आवक नोंदवहीपाशी हवालदार फत्तेसिंग बसले होते. त्यांनी सरावाने शिक्का मारला, क्रमांक घातला, पोच फाडून दिली आणि मग, काही उद्योग नसल्याने, अर्ज वाचला. तिसऱ्या परिशिष्टाशी त्यांचे ओठ हलायचे थांबले.

“पाटीलसाहेब,” ते हळूच म्हणाले, “हाई परत लई जा.”

“आवक झालेला कागद परत घेता येत नाही.” हेमकांतराव सौजन्याने म्हणाले. “त्याचा निर्गम एकच, निकाली काढणे.”

“साहेब, आमले ठाऊक शे कोन कठे खेळस. पन ठाऊक ऱ्हानं येगळं, कागदवर येनं येगळं. आते मी आखाजीले तिकडे काय तोंड लई जाऊ? सात नंबरवर मन्हा मेव्हणा शे!”

“भिला गिरासे? तो आपला मेव्हणा का?” हेमकांतरावांनी खिशातून पेन काढले. “मग नात्याच्या रकान्यात तशी भर घालू या.”

फत्तेसिंगांनी अर्ज छातीशी धरला व आत गेले. ठाण्याचे साहेब नवे होते, घाटावरून बदलून आलेले, तरुण आणि नेमके. आखाजी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. आवक क्रमांक म्हणजे काय हे मात्र पक्के ठाऊक होते. त्यांनी समासात लिहिले: ‘गावचे पोलीस पाटील यांनी चौकशी करून लेखी अहवाल सादर करावा.’

खापरपिंप्रीचे पोलीस पाटील नवल पाटील होते. ते हेमकांतरावांचे थोरले बंधू. आणि परिशिष्ट तीनमध्ये अनुक्रमांक एक.

तिसऱ्या दिवशी फोन आला. नवलदादांचा आवाज शांत होता, आणि हे लक्षण वाईट असे.

“हेम्या, लिफाफा वना माले. सरकारी. नवल पाटील जुगार खेळस का, हाई नवल पाटीलनी तपास करीसन कळावानं शे.”

“दादा, ती कार्यालयीन पद्धत आहे.” अडचणीत सापडले की हेमकांतराव अहिराणी सोडून प्रमाण मराठीत शिरत; लहानपणी घराबाहेर मार पडला की घरात शिरत तसे.

“आनि मन्हं नाव एक नंबरवर लिखं तू?”

“मानाप्रमाणे लिहिलं, दादा. पोलीस पाटील पहिला नको का?”

नवलदादा म्हणाले, “मन्हं नूतनीकरन प्रांतना टेबलवर पडेल शे, ठाऊक शे ना तुले? पंधरा वरीस गावनी इज्जतसाठे पाटीलकी कयी. हो लिखं ते पाटीलकी जास आनि तेवीस घरवर केस. नही लिखं ते मी खोटा. सांग, काय लिखू?”

त्या क्षणी हेमकांतराव प्रथमच खचले. पण लिपिक खचला तरी त्याचा हात खचत नाही. “आजच्या तारखेला ‘चौकशी चालू आहे’ असं लिहा, दादा. त्यावर कोणताही कागद पंधरा दिवस झोपतो.”

तेवढ्यावर थांबते तर निभावले असते. पण आपल्या हातून झालेली चूक आपल्याच हाताने, शक्यतो दोन प्रतींत, दुरुस्त करावी असे त्यांना वाटले. त्यांनी ठाण्याला शुद्धिपत्र सादर केले: मूळ अर्जात ‘जुगार’ असे जेथे आले आहे तेथे ‘सणकालीन सामूहिक क्रीडा’ असे वाचावे, कारण समाजशास्त्रीय दृष्ट्या सदर कृती गुन्हा नसून प्रथा आहे. पाठिंब्यासाठी वहीतली डावी बाजू सोबत जोडली. नव्या साहेबांनी शुद्धिपत्र लक्षपूर्वक वाचले आणि समासात लिहिले: ‘म्हणजे खेळतात. आखाजीस मी स्वतः पाहणी करीन.’

हे कळल्यावर गौतमचंद शेठ फक्त एवढेच म्हणाले, “हेमकांतभाऊ, आता तिसरा कागद लिहू नका. हात जोडतो.”

आखाजीच्या आदल्या रविवारी हेमकांतरावांनी प्रथमच गुन्हेगारीशास्त्राचा तास बुडवला आणि ते गावी गेले. निंबाखाली भाऊबंद जमले होते. हेमकांतरावांना शिव्यांची अपेक्षा होती. त्यांची त्यांनी मनातल्या मनात वर्गवारीही करून ठेवली होती. पण गावाचा राग भलत्याच दिशेला निघाला. यादीत नाव आल्याचा संताप दोघाचौघांनाच होता. बाकीच्यांचे भांडण क्रमाचे होते. चार क्रमांकाचा चुलतभाऊ आपल्यावर कसा, हा पाचव्याचा सवाल होता; आणि सर्वांत मोठा आवाज होता सुकलालआबांचा. एक्क्याऐंशी वर्षांचे आबा काठी आपटत पुढे आले.

“माले काब्रं सोडं यादीमातून? मी मरेल शे का? तुम्हना बाप जलमाना पहिले पत्ता वाटी ऱ्हायनू मी अठे!”

“आबा, ऐंशीपुढील व्यक्ती नमुन्यात घेता येत नाहीत—”

“नमुना व्हशी तू!” आबा गरजले, आणि सभेने या मुद्द्यावर एकमताने मान डोलावली.

नवलदादा मात्र पारावर बसून त्या लिफाफ्याच्या कडेवरून बोट फिरवीत होते. शेवटी म्हणाले, “आवंदा खेळ बंद.”

नवलदादांच्या आजोबांच्या मरणाच्या वर्षीही खेळ बंद पडला नव्हता. ओट्यावर पापड वाळत घालणाऱ्या नवलदादांच्या पत्नी दगूबाई पदर खोचून पुढे आल्या.

“बंद कसा? तीन दिन ह्या तेवीस मानसं घरमा बठनात, ते आम्ही बाया झोकावर कव्हय बठानं? आंडेरी माहेरले येतीस त्या काय यास्ले च्या करी देवाले?” त्या दिराकडे वळल्या. “भाऊजी, त्या तुम्हना शाळाना कागद शेतस ना? प्रश्नना?”

“प्रश्नावली. अठ्ठेचाळीस प्रश्न आहेत, वहिनी.”

“मंग झायं. खेळाले बठतस तसाच बठाडा यास्ले. हातमा पत्ता नही, कागद. साहेब वना, साहेबनी देखं, साहेब गया. कागदनी घोटाळा कया, ते कागदच निस्तरी.”

आखाजीच्या दुपारी निंबाखालचे दृश्य समाजशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. तीन रिंगणे जशीच्या तशी होती; मांडीला मांडी होती; आणि चोवीस पुरुष (आबा आपल्या अटीवर नमुन्यात सामील झाले होते) हातात प्रश्नावली पंख्यासारखी धरून, शेजाऱ्याला दिसू नये अशा सवयीने ती छातीशी झाकून, विचारमग्न बसले होते. पत्त्यांचे तीन जोड आबांच्या बसकुराच्या, म्हणजे बसायच्या गोधडीच्या, घडीत होते, आणि बसकुरावर आबा होते. पलीकडे झोक्यांवर लेकी गाणी म्हणत होत्या. हेमकांतराव पेन घेऊन रिंगणांतून फिरत होते. तीस वर्षांत प्रथमच त्यांना रिंगणाच्या आतून चालू दिले होते.

जीप आली. साहेब उतरले, मागे फत्तेसिंग, दृष्टी जमिनीला खिळवून. साहेब संस्कारी निघाले. सर्वांत वृद्ध माणूस पाहून ते सरळ आबांकडे गेले आणि वाकून पायाला हात लावू लागले. रिंगणांतल्या प्रश्नावल्या नाकापर्यंत वर गेल्या. थोरामोठ्याने अशा वेळी अर्धवट तरी उठावे ही रीत. आबांनी मात्र एक इंचही न हलता साहेबांच्या टोपीवर हात ठेवला आणि इतका लांबलचक आशीर्वाद दिला की साहेबांची कंबर अवघडली.

मग साहेबांनी सात क्रमांकाच्या भिलाला विचारले, “तुम्ही पत्ते खेळता?”

“पत्ता म्हंजे काय ऱ्हास, साहेब?” भिला निरागसपणे म्हणाला. फत्तेसिंगांना ठसका लागला.

साहेब हेमकांतरावांसमोर उभे राहिले. “पाटील, तुम्ही जबाबदार कर्मचारी आहात. इथं जुगार चालतो असं तुमच्या सहीनं माझ्याकडे लेखी आहे. चालतो का?”

झोक्यावरची गाणी थांबली. नवलदादा, पोलीस पाटील या नात्याने रिंगणातून उठून, पारावर उभे होते, नव्या टोपीत, हात मागे बांधून. पंधरा वर्षांची पाटीलकी त्या एका उत्तरावर टांगली होती. हेमकांतरावांनी आयुष्यात सहीच्या वर कधी असत्य लिहिले नव्हते. त्यांनी डाव्या बाजूचा विचार केला, मग उजव्या बाजूचा, आणि त्यांच्या ध्यानात आले की मधली रेघ आपणच ओढलेली आहे.

“साहेब,” ते घसा साफ करून म्हणाले, “तो अर्ज म्हणजे गृहीतक होतं. गृहीतक सिद्ध करावं लागतं. त्यासाठीच हे क्षेत्रकार्य. चोवीस व्यक्तींची विचारपूस झाली. गृहीतक सिद्ध झालेलं नाही.”

“म्हणजे अर्ज खोटा?”

“खोटा नव्हे. अशास्त्रीय. तो दोष संशोधकाचा.”

साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. “लिहून द्या.”

हेमकांतरावांनी लिहून दिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. फक्त सही करताना पेन एकदा थांबले, आणि त्यांनी प्रत मागितली नाही. जीपच्या बॉनेटवर फत्तेसिंगांनी उत्तर तयार केले, साहेबांनी सही ठोकली आणि जीप धूळ उडवीत गेली.

पुढे मौखिक परीक्षेत त्या चोवीस प्रश्नावल्यांवर मोठी चर्चा झाली, हे येथेच सांगून टाकणे बरे. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस प्रश्नांना चोवीस जणांनी ‘नाही’ हेच उत्तर दिले होते. ‘आपले वय किती’ या प्रश्नालासुद्धा. फाल्गुनी मॅडमना त्यात भाऊबंदकीच्या ऐक्याचा अभूतपूर्व पुरावा दिसला, उदेसिंग सरांना अनोंदित गुन्हेगारीचा. गुण दोघांनी सारखेच दिले. त्या दिवशी हेमकांतराव वाद न घालता घरी परतले, आणि रूपालीताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण ते नंतर. आखाजीच्या दुपारी जीपची धूळ बसली तेव्हा आबा बसकुरावरून उठले. पत्ते निघाले. प्रश्नावल्यांचा गठ्ठा सतरंजीचा कोपरा दाबायला ठेवला गेला. हेमकांतराव सवयीने रिंगणाच्या मागे जाऊन उभे राहिले.

नवलदादांनी पत्ते पिसता पिसता वर पाहिले नाही. “हेम्या.”

“हं, दादा.”

“बठ. पन ती पेन तठे झाडजोडे ठेव.”

लोक सरकले. भिला आणि सुकलालआबा यांच्यामध्ये एका माणसाची जागा झाली. हेमकांतराव चष्मा पुसत बसले. तेवढ्यात मोटारसायकलवरून पायजमा-बनियनमधला एक गृहस्थ आला आणि भिलाच्या पाठीत धपाटा घालून त्याच्या शेजारी बसला. ते फत्तेसिंग होते. रजा सुरू होऊन त्यांना पाच-दहा मिनिटे झाली होती.

“पाटीलसाहेब, तुम्हना कागद. घाईमा द्यानं राही गयं.” त्यांनी बनियनच्या आतून घडी काढली.

हेमकांतरावांनी ती उलगडली. ‘आपल्या अर्जातील ठिकाणी समक्ष पाहणी केली असता सर्व इसम शैक्षणिक कार्यात मग्न आढळले. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सही होती. तारीख होती. जावक क्रमांकाची जागा मात्र कोरी होती.

“जावक नंबर सोमवारले ठानामा ईसन लई ज्या,” फत्तेसिंग ओशाळून म्हणाले. “रजिस्टर तठे शे.”

नवलदादांचा पान वाटणारा हात क्षणभर हवेत थांबला. सगळे रिंगण हेमकांतरावांकडे पाहत होते.

हेमकांतरावांनी कागदाची घडी घातली, ती मांडीखाली सरकवली आणि समोर पडलेली तीन पाने उचलली.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “वाट, दादा.”